केवढा आणि कशाचा: पुढच्या टॅबचा अंदाज

(लघु माहितीपटाचं निवेदन. चित्रण: इंदूर.)

[दृश्य: जेल रोड, संध्याकाळ. दुकानाच्या भिंतीवर टांगलेली टॅबची कव्हरं. कॅमेरा वरून हळूहळू खाली.]

इंदूरचा जेल रोड. मोबाइल, चार्जर, काच, कव्हर, जे हवं ते इथे मिळतं.

या भिंतीकडे नीट पाहा. सात इंची कव्हर वरच्या कोपऱ्यात आहे, त्याला हल्ली कोणी हात लावत नाही. त्याखाली ८.७, मग १०.१, १०.९, ११, आणि सगळ्यात खाली दोन खिळ्यांवर तोललेलं १२.९. कव्हर बनवणाऱ्याला टॅबच्या आत काय आहे याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला लांबी, रुंदी, जाडी आणि कॅमेऱ्याच्या भोकाची जागा लागते, आणि ती टॅब बाजारात यायच्या आधी लागते. पुढच्या टॅबबद्दल जगभर जे अंदाज फिरतात त्यातले कितीतरी अशा साच्यांमधून बाहेर पडलेले असतात. साचा चुकला तर सगळा माल पडून राहतो, म्हणून ही मंडळी आकडा जपून धरतात.

अंदाज बांधायची आणखी एक रीत आहे. तिला कारखान्यातून फुटलेली बातमी लागत नाही. पट्टी, पेन्सिल आणि शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय एवढ्यावर भागतं.

[दृश्य: लोकमान्य नगर. जेवणाचं टेबल. पुठ्ठा, कात्री, पट्टी. मुलीचे हात जवळून.]

ही मुलगी अभियांत्रिकी शिकते. पुठ्ठ्यावर ती एक काटकोन त्रिकोण काढते आहे. आडव्या बाजूला लिहिलंय १०२४, उभ्या बाजूला ७६८. ॲपलच्या पहिल्या आयपॅडच्या पडद्यावर इतकेच ठिपके होते. २७ जानेवारी २०१० ला तो जाहीर झाला. दोन्ही आकड्यांना २५६ ने भागलं की उरतात ४ आणि ३. तीन, चार, पाच! म्हणजे कर्णावर २५६ गुणिले ५, एकूण १२८० ठिपके. त्या पडद्यात एका इंचाला १३२ ठिपके बसतात. १२८० भागिले १३२. उत्तर ९.७. दुकानात ज्याला ‘९.७ इंची’ म्हणतात तो हा कर्ण.

[दृश्य: पेन्सिल. १२८० या आकड्याभोवती गोल.]

आता पुढचा भाग, ज्यासाठी हे चित्रण केलं.

ऑक्टोबर २०१० मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी सात इंची टॅब सरळ निकालात काढले होते. सॅमसंगचा सात इंची गॅलॅक्सी टॅब तेव्हा नुकताच येत होता. चांगल्या ॲप्सना दहा इंचांचा पडदा किमान हवाच, असं त्यांचं म्हणणं. त्याहून लहान पडद्याबरोबर बोटं घासून बारीक करायला सॅंडपेपरही द्यावा लागेल, असंही ते म्हणाले. तरी लहान आयपॅड येणार ही कुजबुज थांबली नाही. प्रश्न होता तो केवढा असेल, सात इंची, साडेसात की आठ?

काही जाणकार कागद घेऊन बसले. त्यांनी धरलेला धागा साधा होता. आधीची सगळी ॲप्स जशीच्या तशी चालायला हवीत, म्हणजे ठिपके तेवढेच राहणार, १०२४ बाय ७६८. मग कमी काय होईल? ठिपक्यांमधलं अंतर. पहिल्या आयफोनपासून ३जीएसपर्यंत एका इंचात १६३ ठिपके होते. तसा पडदा कारखान्यांत आधीपासून बनत होता, आता तुकडा मोठा कापायचा एवढंच. म्हणून १२८० भागिले १६३.

[दृश्य: ती उत्तर लिहिते. ७.८५.]

२३ ऑक्टोबर २०१२ ला आयपॅड मिनी जाहीर झाला. त्याच्या खोक्यावर आकार होता ७.९ इंच.

मला हा हिशेब फार आवडतो. यात कुणाचा कान लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही. कंपनी कुठे अडणार आहे, तिला काय मोडता येणार नाही, हे ओळखलं की आकडा आपोआप समोर येतो. २०१५ च्या मोठ्या आयपॅड प्रोचंही असंच होतं. त्याच्या पडद्याची लहान बाजू २०४८ ठिपक्यांची, आणि त्या काळच्या ९.७ इंची आयपॅडची मोठी बाजूही २०४८. लहान आयपॅडची लांबी ती मोठ्याची रुंदी. दोघांत एका इंचाला २६४ ठिपके. मुलगी ती बाजू सेंटिमीटरमध्ये काढून दाखवते: १९.७.

[दृश्य: पुठ्ठ्याचे दोन तुकडे, एकमेकांवर ठेवलेले. पट्टीने मोजणं.]

इंच हा आकडा एकटा मात्र फसवतो. टेबलावरचा डावा तुकडा ९.७ इंची आहे, बाजूंचं प्रमाण ४:३. उजवा १०.१ इंची, प्रमाण १६:१०. २०११ चा मोटोरोला झूम असा होता. नावाने उजवा मोठा. क्षेत्रफळ काढलं तर डावा सुमारे २९१ चौरस सेंटिमीटर, उजवा सुमारे २९६. फरक जवळजवळ नाहीच. उजवा लांब आहे आणि अरुंद आहे, हाच काय तो फरक. म्हणून ‘पुढचा टॅब ११ इंची’ अशी बातमी आली की माझा पहिला प्रश्न असतो, कोणत्या प्रमाणात?

वाचणाऱ्याला हे प्रमाण जास्त जाणवतं.

[दृश्य: खिडकीपाशी आजी. हातात टॅब, मांडीवर मराठी पुस्तक. दृश्य लांब ठेवा. पहिले काही क्षण निवेदन नाही.]

आजींच्या मांडीवरचं पुस्तक डेमी आकाराचं आहे, साधारण १४ बाय २१.५ सेंटिमीटर. मराठी कादंबरी, कथासंग्रह, आत्मचरित्र, बहुतेक याच मापात छापलं जातं. हातातला ९.७ इंची पडदा १४.८ बाय १९.७ आहे. पुस्तकाचं पान जवळजवळ तसंच्या तसं त्यावर उतरतं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, म्हणून दोन ओळींत जागा जास्त सोडावी लागते. पडदा उभा धरला आणि तो अरुंद निघाला, की ओळीत चार शब्द मावतात आणि नजर सारखी उजवीकडून डावीकडे परत येत राहते. सिनेमा पाहायला लांबट पडदा चांगला, वाचायला नाही. टॅब बनवणारे बहुतेक जण सिनेमा डोळ्यांसमोर ठेवतात, याचं मला वाईट वाटतं.

आणि ज्यांना ए४ कागद पूर्ण मापात हवा आहे, विद्यार्थी, वकील, नकाशे पाहणारे, त्यांचं काय? ए४ चा कर्ण भरतो १४.३ इंच. २०२२ मध्ये सॅमसंगने १४.६ इंची गॅलॅक्सी टॅब एस८ अल्ट्रा आणला. कर्ण पुरेसा आहे, पण प्रमाण १६:१०, त्यामुळे रुंदी सुमारे १९.७ सेंटिमीटर. ए४ हवा २१. पान कडेला कापलं जातं किंवा लहान करावं लागतं. इतका मोठा टॅब, आणि कागद तरी मावत नाही!

वजनही सांगून टाकते. पहिला आयपॅड ६८० ग्रॅम. २०१३ चा आयपॅड एअर ४६९. आजींनी हात बदलला तो क्षण चित्रात आहेच.

[दृश्य: सांवेर रोड, पत्र्याचं काम करणारा कारखाना. व्हाइसमध्ये पकडलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या.]

आता ‘कशाचा’ या प्रश्नाकडे.

सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीतला हा छोटा कारखाना. इथे टॅब बनत नाहीत. इथे पत्रा कापतात, वाकवतात, भोकं पाडतात. आम्ही कारागिरांना एक विनंती केली. एकाच ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, लांबी-रुंदी तीच, एक दोन मिलिमीटर जाड आणि दुसरी एक मिलिमीटर. दोन्ही एका बाजूने व्हाइसमध्ये आवळायच्या, मोकळ्या टोकाला सारखं वजन लावायचं.

[दृश्य: वजन सोडतात. जाड पट्टी जेमतेम हलते. पातळ पट्टी खाली झुकते. पुन्हा एकदा, हळू गतीत.]

जाडी निम्मी केली, तर झुकणं दुप्पट व्हावं असं आपल्याला वाटतं. ते होतं आठपट. ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो, दोनचा घन आठ. पातळपणाची किंमत इतकी चढी असते, हे आकड्यात वाचून कळत नाही म्हणून हा प्रयोग दोनदा दाखवला आहे.

आता आयपॅडचे आकडे ऐका. २०१० मध्ये जाडी १३.४ मिलिमीटर. २०११ मध्ये ८.८. २०१४ च्या एअर २ मध्ये ६.१. २०१८ च्या आयपॅड प्रोमध्ये ५.९, आणि तेव्हा वाकलेल्या टॅबची छायाचित्रं जगभर फिरली. कंपनीने सांगितलं की सपाटपणात ४०० मायक्रॉनपर्यंतचा फरक ती ग्राह्य धरते. ०.४ मिलिमीटर म्हणजे कागदाच्या चार पानांची जाडी. २०२४ चा १३ इंची प्रो ५.१ मिलिमीटरवर आला तेव्हा आत मधोमध धातूची एक फासळी घालावी लागली.

या उतरत्या रांगेत एकदा पायरी उलटी पडली होती. मार्च २०१२ चा तिसरा आयपॅड आधीच्यापेक्षा जाड निघाला, ९.४ मिलिमीटर. ठिपके चौपट झाले, त्यांच्यामागे उजेड जास्त लागला, उजेडाला वीज लागली, आणि बॅटरी २५ वॅट-तासांवरून ४२.५ वर न्यावी लागली. ‘दरवर्षी पातळ’ असा अंदाज करणारे तेव्हा चुकले. ज्यांनी आधी बॅटरीचा विचार केला, ते चुकले नाहीत.

[दृश्य: कारखान्यातला भंगाराचा ढीग. ॲल्युमिनियमचे तुकडे, काप, चुरा.]

धातूंबद्दलच्या अंदाजांत टायटॅनियमचं नाव सगळ्यांच्या आवडीचं. ते पोलादापेक्षा बरंच हलकं, ॲल्युमिनियमपेक्षा जड: एका घन सेंटिमीटरला सुमारे ४.५ ग्रॅम, ॲल्युमिनियम २.७. ताठपणा मात्र दीडपटीच्या आसपास. फोनमध्ये ते आलं, २०२३ च्या आयफोन १५ प्रोमध्ये, आणि २०२५ मध्ये १७ प्रो पुन्हा ॲल्युमिनियमकडे वळला. कारण उष्णता. ॲल्युमिनियम उष्णता टायटॅनियमच्या दहापटीहून जास्त वाहून नेतं. बहुतेक टॅबमध्ये पंखा नसतो. मागचा पत्रा हाच त्याचा उष्णता बाहेर टाकायचा रस्ता. मोठ्या टॅबची पाठ टायटॅनियमची करायची तर वजनही वाढेल आणि आतली चिपही तापेल. म्हणून माझा कौल ॲल्युमिनियमला. शिवाय हा ढीग पाहा. वितळवून पुन्हा वापरलेल्या ॲल्युमिनियमला खनिजातून काढलेल्या नव्या धातूच्या मानाने जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते, आणि आयपॅडची पाठ गेली काही वर्षं अशाच धातूची असते.

मॅग्नेशियम आणखी हलकं, १.७४. मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या सरफेसमध्ये ते वापरलं. ताठपणात ते ॲल्युमिनियमच्या मागे पडतं, म्हणून जाडी थोडी वाढवावी लागते. कार्बन फायबर हलकंही आहे आणि ताठही, पण ते रेडिओ लहरी अडवतं. धातूही अडवतोच. पहिल्या ३जी आयपॅडच्या पाठीवर वरच्या बाजूला काळ्या प्लास्टिकची पट्टी होती ती त्याचसाठी, अँटेनाला खिडकी म्हणून. नीलम काचेचाही, म्हणजे कठीण सॅफायरच्या काचेचाही, मोठा गाजावाजा झाला. २०१३ मध्ये ॲपलने तिच्यासाठी जीटी ॲडव्हान्स्ड या कंपनीशी करार केला, ५७.८ कोटी डॉलर आगाऊ द्यायचं ठरलं, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

पडद्याची काच राहिली ती रासायनिक मजबुतीची. काच सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवतात. काचेतले लहान सोडियम आयन बाहेर पडतात, त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन घुसतात, आणि पृष्ठभाग आतल्या आत दाबून बसतो. तडा जाण्याआधी हा दाब मोडावा लागतो.

[दृश्य: पुन्हा जेल रोड. दुरुस्तीचं टेबल. तापलेली चटई, त्यावर पालथा टॅब. तीच मुलगी समोर उभी.]

हा तिच्या घरातला जुना टॅब. पाठ मधोमध फुगली आहे, काच एका बाजूने उचलली गेली आहे.

“काका, उघडेल ना हा?”

“उघडेल गं. काच वाचेलच असं नाही.”

[दृश्य: इथून पुढे निवेदन कमी. हात, आवाज, श्वास.]

कडा आधी तापवायच्या. गोंद मऊ पडायला हवा, पण खालचा पडदा भाजता कामा नये. मग सक्शन कप लावून काच केसभर उचलायची.

त्या फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी.

पट्टी सरकवायची, थांबायचं, पुन्हा तापवायचं. एका कोपऱ्याला अँटेनाची तार असते, तिथे पट्टी आत जाऊ द्यायची नाही. दुसऱ्या कडेला पडद्याची फीत, ती तुटली तर नवा पडदा. कोणत्या मॉडेलला काय कुठे, हे यांच्या हातांना माहीत आहे.

[दृश्य: काच सुटते. आत काळी, फुगलेली बॅटरी. आवाज बंद. फक्त चेहरे.]

बॅटरीही गोंदानेच चिकटवलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब कडेने सोडतात, गोंद सुटेपर्यंत वाट पाहतात, आणि बोथट प्लास्टिकने ती उचलतात. धातूचं हत्यार इथे चालत नाही. फुगलेली लिथियम बॅटरी भोसकली गेली तर पेटते.

२०१० च्या पहिल्या आयपॅडची काच खटक्यांवर बसवली होती. खटके उचकटले की काच बाजूला. पुढच्याच वर्षी तिथे गोंद आला. खटक्यांना कडेला जागा लागते आणि गोंदाला लागत नाही. १३.४ वरून ८.८ पर्यंतच्या उतरणीत ते खटकेही गेले. त्यानंतर पंधरा वर्षं आम्ही जाडीच्या बातम्या वाचत राहिलो, आणि टॅब उघडतो कसा हा प्रश्न बातमीत क्वचितच आला. या टेबलावर मात्र तो रोज येतो.

[दृश्य: सकाळ. महापालिकेची कचरागाडी, वेगवेगळे कप्पे.]

इंदुरात कचरा सहा प्रकारांत वेगळा द्यावा लागतो आणि ई-कचऱ्याला गाडीत स्वतंत्र कप्पा आहे. ज्या टॅबची बॅटरी बदलता येत नाही, तो पडदा, चिप, कॅमेरा सगळं धडधाकट असताना या कप्प्यात जातो.

[दृश्य: दुरुस्तीच्या टेबलावर चार्जिंगची खाच जवळून. शेजारी व्हर्नियर कॅलिपर.]

मग आणखी किती पातळ? याचाही हिशेब होतो. यूएसबी-सी च्या खाचेची उंची सुमारे अडीच मिलिमीटर. तिच्याभोवती धातूचं कवच, वर पडदा आणि काच, खाली पाठ. हुआवेने सप्टेंबर २०२४ मध्ये दोन घड्यांचा, तीन भागांचा मेट एक्सटी आणला, तो उघडला की १०.२ इंची होतो आणि सगळ्यात पातळ जागी ३.६ मिलिमीटर भरतो. यूएसबी-सी ठेवून याच्या फारसं खाली जाता येत नाही. ५.१ पासून तिथपर्यंत राहिलं जेमतेम दीड मिलिमीटर. तो दीड मिलिमीटर मिळवायला बॅटरी कमी करायची, की तोच स्क्रूंना आणि खटक्यांना द्यायचा? माझी बाजू स्क्रूंची आहे.

आणि हे अशक्य नाही, याचा पुरावा त्याच ५.१ मिलिमीटरच्या टॅबमध्ये आहे. त्याच्या बॅटरीखालचा गोंद ओढून काढायच्या पट्ट्यांचा आहे. पडदा उघडला की बॅटरी समोर असते आणि पट्ट्या खेचल्या की ती सुटते. पडदा स्वतः अजून गोंदावरच आहे, पण निम्मं काम सोपं झालं.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबना नवे नियम लावले. बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता टिकवायची, मॉडेलची विक्री थांबली तरी महत्त्वाचे सुटे भाग पुढची काही वर्षं मिळायला हवेत. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे, काही सवलती सोडल्या तर, उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी. टॅबची रचना प्रत्येक देशासाठी वेगळी करणं कंपन्यांना परवडत नाही, त्यामुळे तिकडे बसवलेला स्क्रू जेल रोडवरही पोचेल अशी आशा धरायला जागा आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये संकेतस्थळ सुरू केलं. कोणतं उपकरण किती सहज दुरुस्त होतं याचे गुण खोक्यावर छापायची चर्चाही आपल्याकडे सुरू आहे. ते गुण लवकर छापले जावेत.

[दृश्य: मुलीच्या वहीचं पान. निवेदिकेचा आवाज.]

तिच्या वहीत मी माझा अंदाज लिहून दिला आहे, तारीख घालून. मोठ्या टॅबची पाठ ॲल्युमिनियमचीच राहील. घडीचा नसलेला टॅब साडेचार मिलिमीटरच्या आसपास थांबेल. पंधरा इंचांच्या पुढचा आकार घडी घालूनच येईल. आणि २०२७ नंतरच्या पहिल्या मोठ्या टॅबमध्ये बॅटरी काढायला तापलेली चटई लागणार नाही. चारही कलमांखाली तिने उत्तरासाठी रिकामा चौकोन आखून ठेवला आहे.